हाकेला ओ

ऑगस्ट २०१९ चा पहिला आठवडा. मी पुण्यात होते आणि माझी मावशी सांगलीत, गावभागात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फूट झाली की इशारा आणि ४५ झाली की धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. मावशीचा हिशेब मात्र फुटांचा नव्हता, पायऱ्यांचा होता. २००५ च्या महापुरात पाणी तिच्या घराच्या चौथ्या पायरीला लागून मागं फिरलं होतं. म्हणजे याही वेळी तिथवरच येणार, असं ती ठामपणे सांगत होती. पण २०१९ मध्ये पातळी ५७ फुटांच्या वर गेली. पायऱ्या, ओसरी, तळमजला सगळं बुडालं आणि मावशी-काका वरच्या मजल्यावर अडकले. काकांना रोज इन्सुलिन लागतं.

बुधवारी सकाळी मी एक संदेश लिहिला. गल्ली, जवळच्या देवळाची खूण, दोन म्हातारी माणसं, औषध संपत आलंय, बोट हवी, खाली माझा आणि मावसभावाचा नंबर. अकरा ग्रुपांवर टाकला. तो कुणी कुणाला पाठवला हे मला आजही सांगता येणार नाही, पण दुपारी चारच्या सुमाराला शेजारच्या तालमीतली पोरं एक बोट घेऊन आली आणि दोघांना घेऊन गेली. संध्याकाळी ती विश्रामबागला नातेवाइकांकडे चहा पीत होती. माझ्यापुरता पूर तिथं संपला.

संदेशाचा प्रवास संपला नव्हता. नागपूरहून, बेंगळुरूहून, दुबईहून फोन येत राहिले. सगळी भली माणसं. शनिवारी रात्री बाहेरगावाहून बोट घेऊन आलेल्या एका पथकाचा फोन आला. ‘ताई, आम्ही देवळामागं आलोय. पंधरा-वीस मिनिटं हाका मारतोय, वरून कुणी ओ देत नाही. दार तोडू का?’ अंधार होता, वीज नव्हती आणि पाण्याला ओढ होती. तीन दिवसांपूर्वी रिकाम्या झालेल्या घरासमोर ती मुलं जीव धोक्यात घालून उभी होती, माझ्या संदेशामुळे. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. फक्त तारीख नव्हती, वेळ नव्हती आणि सुटका झाल्यावर ‘झालं, आता थांबा’ असं मी कुठंच लिहिलं नव्हतं.

तेव्हापासून मी या विषयाकडे वेगळ्या नजरेनं पाहते. पूर आला, दरड कोसळली, वादळ आलं की समाजमाध्यमांवरची आपली चर्चा अफवांपाशी सुरू होते आणि तिथंच संपते. अफवा पसरवाल तर गुन्हा दाखल होईल, हे पोलिसांचं पत्रक आणि ‘खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका’ हे शहाण्यांचं आवाहन. अफवेनं नुकसान होतं, ते कुणी नाकारत नाही. पण मी पाहिलेल्या पुरात बोटींचा, इंधनाचा, माणसांच्या अंगातल्या बळाचा मोठा अपव्यय खोट्या संदेशांनी केला नाही, शिळ्या झालेल्या खऱ्या संदेशांनी केला. आणि त्याहून मोठं नुकसान झालं ते जिथून संदेशच निघाला नाही तिथं. इंटरनेटनं हाक मारणं फार सोपं केलंय. त्या हाकेला ओ मिळाली का, हे कळवायची व्यवस्था मात्र आपण उभारलेली नाही. ती उभारणं हे शासनाचं काम आहे आणि ते स्वयंसेवकांच्या भलेपणावर सोडून चालणार नाही, एवढंच मला सांगायचंय.

आधी शिळेपणाचं बघू. व्हॉट्सॲपवरचा संदेश मुळात कधी लिहिला गेला, हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्याच्या खाली दिसणारी वेळ असते ती पाठवणाऱ्याची, लिहिणाऱ्याची नव्हे. मजकूर कॉपी करून टाकला की ‘फॉरवर्डेड’ची खूणही जाते. त्यामुळे बुधवारची हाक शनिवारी तितकीच ताजी वाटते. त्या आठवड्यात माझ्याकडे अडकलेल्या माणसांच्या सात वेगवेगळ्या याद्या आल्या होत्या. कुणी महाविद्यालयीन मुलांनी केलेली, कुणी परदेशातल्या सांगलीकरांनी, कुणी एखाद्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी. प्रत्येकीत थोडी माणसं तीच, थोडी निराळी. माझी मावशी चार याद्यांत होती आणि चारही ठिकाणी तिची सुटका व्हायची होती.

त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, केरळनं याचं एक उत्तर शोधलं होतं. राज्याच्या आयटी मिशननं स्वयंसेवक अभियंत्यांना सोबत घेऊन ‘केरळ रेस्क्यू’ नावाचं संकेतस्थळ उभं केलं. कोण अडकलंय, कुठं, किती माणसं, फोन नंबर काय, असा साधा अर्ज. संकेतस्थळाचा कोड सगळ्यांना खुला होता, त्यामुळे देशोदेशीचे मल्याळी अभियंते त्यात रात्रभर दुरुस्त्या करत बसले. पण मला त्यातलं तंत्रज्ञान मोठं वाटत नाही. मोठी गोष्ट अशी की शेकडो पोरंपोरी फोन घेऊन बसली होती आणि आलेल्या नोंदीवर उलट फोन करून विचारत होती, तुम्ही अजून तिथंच आहात का? निघाला असाल तर नोंद बंद. शिळ्या आणि दुबार नोंदींचा त्रास तिथंही झालाच. तरी नोंद बंद करायची जागा होती आणि बंद करणारं माणूस होतं.

आणि नोंदीच्या दुसऱ्या टोकाला बोट होती. कोल्लम आणि तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून आतल्या गावांत नेल्या. सुमारे साडेचार हजार मच्छीमार, साडेसहाशेहून जास्त होड्या, आणि सरकारी हिशेबानंच त्यांनी बाहेर काढलेली किमान ६५ हजार माणसं. त्यांना समुद्र कळत होता, चेंगन्नूरच्या गल्ल्या ठाऊक नव्हत्या. पाण्याखाली कुठं कुंपणाची भिंत आहे, कुठं विजेची तार लोंबतेय, हे सांगायला गावातला एखादा पोरगा होडीत घ्यावाच लागत होता. संदेश, होडी आणि वाटाड्या या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा माणसं वाचली. आपल्याकडे कौतुक होतं ते पहिल्या गोष्टीचं, कारण ती आपल्या हातातल्या फोनवर दिसते.

ब्रह्मनाळ आठवतं? पलूस तालुक्यातलं, कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं गाव. ८ ऑगस्ट २०१९ ला तिथं ग्रामस्थांना घेऊन निघालेली होडी उलटली आणि दहाच्या वर माणसं गेली. तिथं माहिती कमी पडली नव्हती. पुरेशा होड्या नव्हत्या, अंगात घालायला जाकिटं नव्हती, आणि होती त्या एका होडीत पेलवतील त्याहून जास्त माणसं चढली होती. समाजमाध्यमांबद्दल लिहिताना हे गाव मी मुद्दाम समोर ठेवते. हाक कितीही झपाट्यानं पोचली तरी तिकडं जायला धड होडी नसेल तर त्या वेगाचा उपयोग नाही.

आता न आलेल्या हाकांकडे येते, कारण मला जास्त टोचतं ते हेच.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. ही बातमी बाहेर कुणी आणली? एसटीच्या चालकानं. तो नेहमीच्या रस्त्यानं गाडी घेऊन आला तेव्हा गाव होतं तिथं चिखल होता. फेसबुक, ट्विटर, व्हॉट्सॲप सगळं तेव्हा होतं, पुण्यापासून ते गाव काही तासांच्या अंतरावर होतं, आणि तरी ते गाव नाहीसं झाल्याचं जगाला कळायला लाल डब्याची फेरी यावी लागली.

२२ जुलै २०२१ चा दिवस घ्या. पहाटेपासून चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात होतं. बाजारपेठ बुडाली, आगारातल्या गाड्या टपापर्यंत पाण्यात गेल्या. एक आगारप्रमुख दिवसभराची रोकड घेऊन एसटीच्या टपावर बसून राहिले होते, ती हकिगत नंतर सगळीकडे फिरली. महाडमध्ये सावित्री शहरात शिरली. आमचे फोन त्या दिवशी चिपळूण-महाडच्या चित्रफितींनी भरून गेले होते आणि ते योग्यच होतं, तिथली माणसं संकटात होती. त्याच दिवशी संध्याकाळच्या सुमाराला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. रस्ते बंद, वीज नाही, फोन लागत नाहीत. बचाव पथक तिथं दुसऱ्या दिवशी पोचलं. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या रात्री माझ्या फोनवर तळीयेचं नावसुद्धा नव्हतं.

जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी. खालापूर तालुका, मुंबईपासून फार लांब नाही. पायथ्यापासून वर चालत जायला पाऊस नसतानाही तासभर लागतो, गाडीरस्ता नाही. रात्री दरड आली. यंत्रणा आणि गिर्यारोहक अंधारात, चिखलात, पायीच वर चढले. तिथं जेसीबी चढवता आला नाही, माणसांनी हातांनी माती उपसली.

या तीन गावांत एक गोष्ट सारखी आहे. तिन्ही डोंगराच्या कुशीतली, तिन्ही लहान. त्यातली माळीण आणि इर्शाळवाडी तर आदिवासींची. जिथं फोनला रेंज मिळवायला टेकाडावर जावं लागतं, तिथून व्हायरल संदेश निघत नाही. ट्विटरवर आलेल्या हाका नकाशावर मांडल्या तर तयार होतो तो संकटाचा नकाशा नव्हे. तो फोन, रेंज, चार्जिंग आणि शहरात ओळख असलेल्या नातेवाइकांचा नकाशा असतो. माझ्या मावशीला पुण्यात भाची होती. ज्यांची भाची पुण्यात नाही त्यांच्यासाठी अकरा ग्रुपांवर कोण लिहिणार?

म्हणून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात एक साधा नियम हवा असं मला वाटतं. कुठून जास्त फोन येतायत हे जसं पाहिलं जातं, तसंच कुठून फोन येणं एकदम थांबलंय हेही तासातासाला पाहिलं पाहिजे. कुठला टॉवर बंद पडला हे दूरसंचार कंपन्यांना त्याच मिनिटाला कळतं. घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतोय आणि त्या भागातले टॉवर मुके झालेत, ही दोन वाक्यं एकाच टेबलावर आली तर ती स्वतःच एक हाक आहे. तिथं तलाठ्याला, ग्रामसेवकाला, पोलीस पाटलाला किंवा बिनतारी संच घेतलेल्या माणसाला आधी पाठवा. रेंज गेल्यावर गावातून बाहेर बोलता येईल असा एक संच आणि तो चालवणारी चार माणसं, दरडप्रवण म्हणून ज्या गावांची यादी सरकारकडेच तयार आहे तिथं तरी असायला नको का? २००१ च्या भुजच्या भूकंपात फोन बंद पडल्यावर हौशी रेडिओवाल्यांनी निरोपांची ने-आण केली होती. ते तंत्र जुनं असेल, पण त्याला टॉवर लागत नाही.

टॉवरचा विषय निघालाच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले, आणि वीज नाही म्हणून मोबाईल नाही. टाळेबंदीचे दिवस होते. मुंबईतले चाकरमानी गावी जाऊ शकत नव्हते आणि गावाकडून आवाज येत नव्हता. कित्येक दिवस लोकांना आपलं घर उभं आहे का, आई-वडील बरे आहेत का, हे कळलं नाही. टॉवरची बॅटरी काही तास चालते, मग डिझेलचं जनित्र, आणि रस्ता बंद असेल तर डिझेल पोचत नाही. इतकं साधं गणित आहे हे. संकटकाळात एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून बोलू द्यायची सोय आपल्याकडे आहे, अलीकडच्या चक्रीवादळांत केंद्र सरकारनं तसे आदेश काढलेही. पण तो आदेश वादळाच्या तोंडावर निघण्याऐवजी पावसाळ्याच्या सुरुवातीला, नदीकाठच्या आणि डोंगराळ तालुक्यांसाठी आपोआप लागू व्हावा. पाणीपुरवठा आणि वीज आपण जीवनावश्यक मानतो, टॉवरच्या डिझेलला तोच मान द्यायला हवा.

अफवांना मी सोडून दिलेलं नाही. पण अफवा मोबाईलनं जन्माला घातली, हा समज मला मान्य नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. त्यानंतर दोनच दिवसांनी, रात्री, जुहूच्या नेहरूनगर वस्तीत ‘धरण फुटलं, त्सुनामी आली’ अशी हाकाटी झाली आणि जीव वाचवायला पळणाऱ्या माणसांच्या चेंगराचेंगरीत माणसं मेली. व्हॉट्सॲपचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. ती अफवा खरी का वाटली? आदल्या डिसेंबरात त्सुनामीनं केलेला संहार टीव्हीवर पाहिलेला होता, दोन दिवसांपूर्वी खुद्द दारात पाणी आलेलं होतं, आणि त्या पावसाची पुरेशी सूचना कुणीच दिलेली नव्हती. ज्यांनी खरं संकट सांगितलं नाही, ते खोटं संकट नाकारतील यावर विश्वास का ठेवायचा? केरळच्या पुरात मुल्लपेरियार धरण फुटल्याचे ध्वनिसंदेश फिरले. २०१५ च्या चेन्नईच्या पुरात मगरी सुटल्याची आवई उठली आणि मगर उद्यानाला खुलासा करावा लागला. भीती खरी होती, फक्त तिला खात्रीची माहिती मिळत नव्हती.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ५४ व्या कलमात खोटा इशारा देऊन घबराट पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. ती असावी. पण खरा इशारा वेळेवर न देणाऱ्याचं काय, हा प्रश्न आपण तितक्या जोरानं विचारत नाही.

आणि वेळेवर, नेमकी माहिती दिली तर अफवेला जागाच उरत नाही, याचं उदाहरण आपल्याच घरात आहे. पावसाळ्यात कोल्हापुरात सगळ्यांत जास्त पुढे पाठवला जाणारा संदेश कुठला? ‘सकाळी ७ वाजता, राजाराम बंधारा पाणीपातळी ४१ फूट ३ इंच, पाण्याखालील बंधारे इतके.’ ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. राधानगरीचा एखादा स्वयंचलित दरवाजा उघडला की त्यातून १४२८ क्युसेक पाणी सुटलं, हेही काही मिनिटांत गल्लोगल्ली कळतं. त्या संदेशाची रचना बघा. वेळ आहे, जागा आहे, आकडा आहे आणि काही तासांनी नवा संदेश येऊन जुन्याला आपोआप बाद करतो. हा संदेश शिळा होऊन कुणाला फसवत नाही, कारण त्याचं वय त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. सुतारवाड्यातल्या माणसाला किती फुटांना सामान उचलायचं ते कळतं, चिखली-आंबेवाडीला जनावरं कधी हलवायची ते कळतं. कुणी पीआर कंपनी नेमून हे झालेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या पुरासोबत राहिलेल्या लोकांनी प्रशासनाकडून ही सवय वसूल केली आहे.

मग हीच शिस्त फुटांवरून गल्लीपर्यंत का नेता येऊ नये? ‘आयर्विनला ५० फूट’ म्हणजे माझ्या मावशीच्या कितव्या पायरीला पाणी, हे महापालिकेला सांगता येतं. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांच्या खुणा भिंतींवर आहेत, पूररेषेचे नकाशे आहेत. मावशीनं चुकीचा हिशेब केला कारण तिला कुणी बरोबर हिशेब दिलाच नव्हता. तिच्याकडे एकच मोजमाप होतं, चौदा वर्षांपूर्वीच्या पाण्याचं.

केंद्रानं २०२३ मध्ये मोबाईलवर थेट इशारा पाठवायच्या यंत्रणेच्या चाचण्या घेतल्या. फोन एकदम सायरनसारखा ओरडला आणि लोक दचकले, ते आठवत असेल. ही यंत्रणा चांगली आहे. ती नंबर शोधत बसत नाही, त्या टॉवरच्या हद्दीतल्या प्रत्येक चालू फोनवर एकाच वेळी जाते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲपही विजांचा इशारा देतं. पण दुपारी वीज पडते तेव्हा शेतमजूर बाई रानात असते आणि घरातला एकुलता एक स्मार्टफोन पोराच्या हातात. देवळावरच्या भोंग्याला आणि ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकाला पर्याय म्हणून ॲप आणू नका, त्यांना जोडून आणा.

शिवाय हा इशारा एकाच दिशेनं जातो. सरकार बोलतं, माणूस ऐकतो. माणसाला ‘मी सुखरूप आहे’ किंवा ‘मी इथं अडकलोय’ म्हणायला जागा कुठं आहे? जपाननं १९९५ च्या कोबे भूकंपानंतर ती जागा तयार केली. संकटात १७१ नंबर फिरवायचा, आपला निरोप ध्वनिमुद्रित करायचा, नातेवाइकांनी तोच नंबर फिरवून तो ऐकायचा. १९९८ पासून ती सेवा चालू आहे. सगळ्यांनी सगळ्यांना फोन लावून जाळं तुंबवायचं नाही, एका ठिकाणी ओ ठेवून द्यायची. फेसबुकनं २०१४ मध्ये आणलेली ‘मी सुरक्षित आहे’ ही सोय त्याच वाटेवरची. आपल्याकडे ११२ आहे, जिल्ह्याचे १०७७ आहेत, पण ते सारे हाक मारायचे नंबर. ओ ठेवायचा नंबर नाही. मराठीत बोलणारा, साध्या फोनवरून चालणारा असा एक नंबर राज्यानं सुरू केला तर निम्मे संदेश फिरायचेच थांबतील, कारण निम्मे संदेश ‘अमुक ठीक आहे का’ एवढंच विचारणारे असतात.

संकटात इंटरनेट बंद करणं हा मात्र उपाय असूच शकत नाही. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कीत पहाटे भूकंप झाला. ढिगाऱ्याखालून माणसं फोनवरून आपला पत्ता लिहीत होती, आणि तिथले तरुण संगणकतज्ज्ञ ते पत्ते ट्विटरवरून वेचून नकाशावर मांडत होते. तिसऱ्या दिवशी सरकारनं ट्विटरवर निर्बंध आणले. सरकारवर टीका वाढली होती, चुकीची माहिती पसरते हे कारण सांगितलं गेलं. सुमारे अर्धा दिवस ते बंद राहिलं. ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी अर्धा दिवस म्हणजे किती, हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे इंटरनेट बंद करायची सरकारांना फार सवय लागली आहे, म्हणून पूर, दरड, भूकंप यांत ते बंद करता येणार नाही असं नियमातच लिहून टाकावं, ही माझी मागणी आहे.

कंपन्यांकडेही बघायला हवं. तुर्कीच्या भूकंपाच्या चारच दिवस आधी ट्विटरनं आपल्या माहितीसाठ्याचा मोफत वापर बंद करायची घोषणा केली होती. जे तरुण त्या माहितीतून पत्ते वेचत होते त्यांना आधी त्यासाठीच आरडाओरडा करावा लागला. १ जानेवारी २०२४ ला जपानच्या नोतो भागात भूकंप झाला तेव्हा त्याच माध्यमावर मदतीच्या खोट्या हाका मोठ्या प्रमाणात आल्या. किती लोकांनी पाहिलं त्यावर पैसे मिळायची सोय तोवर झाली होती. घराखाली अडकल्याचा बनाव करणारा माणूस नेहरूनगरच्या घाबरलेल्या माणसासारखा नव्हे, त्याला कुणीतरी मोबदला देऊ केलेला असतो. संकटग्रस्त जिल्ह्यातल्या मजकुरावर ठरावीक दिवस पैसे मिळणार नाहीत आणि बचावकार्याला माहिती मोफत मिळेल, या दोन अटी सरकारनं घातल्या तर कंपन्यांचं काही बिघडणार नाही.

जाता जाता एक लहानशी, पण टाळू नये अशी गोष्ट. माझ्या त्या संदेशात मावसभावाचा नंबर होता. पुढची दोन वर्षं, कुठंही पूर आला की कुणीतरी तो जुना संदेश शोधून काढायचं आणि त्याला फोन यायचा. घरी एकट्या राहणाऱ्या बायकांचे पत्ते, आजारपणं, नंबर त्या आठवड्यात किती हातांतून गेले असतील? ज्या याद्या आपण घाईत करतो त्या पूर ओसरल्यावर पुसायची जबाबदारी कुणाची, हे यादी सुरू करतानाच ठरलं पाहिजे.

जुलै २०२१ मध्ये सांगलीत पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर गेलं. मावशी-काका या वेळी ४० फुटांनाच निघाले. त्यांच्या गल्लीतलं एक कुटुंब मात्र राहिलं होतं, आणि त्यांच्यासाठी लिहायला मावशीनं मलाच सांगितलं. मी तारीख लिहिली, वेळ लिहिली, ‘आधी फोन करा, मगच निघा’ असं लिहिलं. संध्याकाळी ती माणसं बाहेर आल्यावर जिथं जिथं संदेश टाकला होता तिथं तिथं जाऊन ‘निघाली, आता पुढे पाठवू नका’ असं लिहिलं आणि मूळ संदेश पुसला. तरीही दुसऱ्या दिवशी एका बोटवाल्याचा फोन आला. मी त्याला सांगितलं, ती माणसं काल निघाली. तो म्हणाला, ‘बरं झालं ताई. पण आम्ही इथं आलोयच तर सांगा, या गल्लीत अजून कोण राहिलंय?’

मी मावशीला विचारलं, तिला माहीत नव्हतं. नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिथल्या मुलानं अतिशय सौजन्यानं सांगितलं की आलेल्या तक्रारींत या गल्लीची एकही नोंद बाकी नाही. बोटवाला मिनिटभर गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मग आम्हीच एक चक्कर मारतो, हाका मारत.’